स्लेटवरची एक रेघ

सुमारे दहा मीटर खोलीवर, माझ्यापासून चार-पाच मीटर पुढे पोहणाऱ्या एका डायव्हरच्या डाव्या फिनचे, म्हणजे पोहण्यासाठी पायात घालायच्या पंखाचे, टोक फांदीदार प्रवाळाला लागले आणि पेन्सिलीइतक्या जाडीची एक फांदी तुटून खालच्या वाळूवर पडली. तुटल्या जागी खडूसारखी पांढरीशुभ्र चकती उघडी पडली. भोवतालच्या तपकिरी रंगात ती लांबूनही उठून दिसत होती. डायव्हर तसाच पुढे गेला, कारण त्याला काही कळलेच नव्हते. मी स्लेटवरच्या ‘तुटणे’ या रकान्यात पेन्सिलीने एक रेघ ओढली, शेजारी वेळ लिहिली आणि पुन्हा त्याच्या मागे निघाले.

पाहणीच्या कामातले ते माझे पहिले वर्ष होते. संध्याकाळी स्लेटवरच्या रेघा वहीत उतरवून घेताना पहिल्यांदाच प्रश्न पडला, की या रेघेचा नेमका अर्थ काय? एक फांदी तुटली, एवढे तर तिच्यात आहेच. पण तेवढ्याने त्या वसाहतीचे, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या असंख्य प्रवाळजीवांच्या त्या एका समूहाचे, काय झाले, आणि अशा हजारो रेघांनी त्या संपूर्ण प्रवाळभित्तीचे काय होते, हे त्या रेघेत लिहिलेले नसते. स्कूबा डायव्हिंगचा प्रवाळांवर होणारा परिणाम मोजण्याची सगळी अडचण मला आता याच तीन पायऱ्यांमध्ये दिसते. डायव्हर काय करतो, त्या स्पर्शाने एका वसाहतीचे काय होते आणि कालांतराने भित्तीचे काय होते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. प्रत्येकाचे उत्तर मिळवण्याची रीत वेगळी आहे, आणि पहिल्याचे उत्तर हातात घेऊन थेट तिसऱ्यावर उडी मारली की निष्कर्ष चुकतो. ही उडी मी अनेक अहवालांत पाहिली आहे, आणि सुरुवातीच्या काळात मीही ती मारलेली आहे.

प्रथम प्रवाळाविषयी थोडे सांगायला हवे. आपल्याला दगड वाटतो तो प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा असतो, आणि जिवंत प्राणी म्हणजे त्या सांगाड्यावर पसरलेला, फार तर काही मिलिमीटर जाडीचा मऊ थर. असंख्य पोलिप, म्हणजे एकेक इवला प्रवाळजीव, या थराने एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसत असते. म्हणजे फांदी न तुटताही नुकसान होऊ शकते. फिनची कड घासली, गुडघा टेकला किंवा लोंबकळणारा, टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा गेज त्यावरून ओढला गेला, तर हा पातळ थर सोलला जातो आणि खालचा सांगाडा उघडा पडतो. उघड्या जागेवर काही दिवसांतच शैवालाची लव धरू लागते. त्या जखमेचे पुढे काय होणार, हे आजूबाजूची ऊती ती जागा आधी भरून काढते की शैवाल आणि स्पंज तिच्यावर आधी ताबा मिळवतात, यावर ठरते.

जखम भरून काढायला वसाहतीला शक्ती खर्चावी लागते, आणि ती शक्ती वाढीतून व प्रजननातून वजा होते. वेगवेगळ्या प्रवाळांना हा खर्च सारखाच जड जात नाही. अ‍ॅक्रोपोरा गटातील फांदीदार प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत, काही जाती त्याहूनही जास्त वाढतात. पोराइट्ससारखे घुमटाकार भरीव प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. शिवाय फांदी तुटणे म्हणजे प्रत्येक वेळी मरण नव्हे. अनेक फांदीदार जाती तुटलेल्या तुकड्यांमधूनच पसरतात. तुकडा कठीण जागी पडून स्थिरावला तर त्यातून नवी वसाहत उभी राहते, आणि वाळूवर पडून लाटांबरोबर गडगडत राहिला तर तो बहुधा मरतो. माझ्या स्लेटवर मात्र दोन्ही प्रसंगांना एकच रेघ होती. त्यामुळे ‘तुटणे’ या रकान्यानंतर मी ‘तुकडा कशावर पडला’ असा आणखी एक रकाना जोडला, आणि माझ्या मते त्या कामात मी केलेली ती सर्वांत उपयोगी सुधारणा होती.

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे डायव्हर काय करतो याकडे. हे मोजण्याची रीत वरवर पाहता अगदी साधी आहे. निरीक्षक पाण्यात उतरलेल्या गटातून एक डायव्हर निवडतो, ठरावीक मिनिटे किंवा पूर्ण बुडीभर त्याच्या मागे राहतो आणि तळाशी झालेला प्रत्येक स्पर्श नोंदवतो. स्पर्श फिनचा होता, हाताचा, गुडघ्याचा, टाकीचा की लोंबणाऱ्या उपकरणाचा; तो चुकून झाला की मुद्दाम; कशाला लागला; आणि परिणाम काय झाला, म्हणजे काहीच नाही, वाळू उडाली, घासले की तुटले, हे सगळे लिहायचे असते. ऐकताना सोपे वाटणारे हे काम प्रवाहात, स्वतःची हवा, खोली आणि जोडीदार सांभाळून, एका हाताने लिहीत करताना किती कठीण होते, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. आपल्यावर कोणाची तरी नजर आहे हे कळलेला माणूस जपून वागतो. म्हणून बहुतेक अभ्यासांत डायव्हरला आधी काही सांगितले जात नाही. निरीक्षक स्वतःही साधा पर्यटक असल्यासारखा गटात मिसळतो, माशांच्या नोंदी करत असल्याचे भासवतो आणि बुडीनंतर खरा उद्देश सांगतो. मला स्वतःला हे लपवणे सुरुवातीला फार खटकले. पण नोंदींत कोणाचेही नाव येत नाही आणि पाण्यातून वर आल्यावर प्रत्येकाला सर्व सांगून नोंद वगळण्याचा हक्क दिला जातो, हे पाहिल्यावर ती रीत मला मान्य झाली. निवडीतही डोळ्यांत तेल घालून राहावे लागते. नजर आपोआप धडपडणाऱ्या, हातपाय मारणाऱ्या डायव्हरकडे जाते, आणि निरीक्षकाने नकळत त्यालाच निवडले तर आकडे फुगतात. म्हणून कोणाच्या मागे जायचे हे नावेवरच, पाण्यात उतरण्यापूर्वी, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरलेले असावे.

बुडीचा कोणता भाग पाहिला जातो यानेही फरक पडतो. पाण्यात उतरल्यावर पहिली काही मिनिटे डायव्हर आपले वजन आणि तरंगण्याचा तोल जुळवत असतो, आणि नेमक्या याच वेळी तो प्रवाळांच्या जवळ असेल तर स्पर्श वाढतात. फक्त पहिल्या दहा मिनिटांची मोजणी करून तिला सहाने गुणले, तर तासाचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा येण्याची शक्यता आहे.

या प्रकारच्या मोजणीचे जे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत, त्यांपैकी दोन मी वारंवार वाचते. पहिला तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला असलेल्या एलातचा, २००२ साली प्रसिद्ध झालेला. तिथे सुमारे १२ किलोमीटर लांबीच्या प्रवाळपट्ट्यावर वर्षाला अडीच लाखांहून अधिक बुड्या होत होत्या. संशोधकांनी २५१ डायव्हरांचे निरीक्षण केले, आणि ६० मिनिटांच्या बुडीमागे प्रवाळांवर गाळ उडण्याचे सरासरी ९.४ प्रसंग व प्रवाळ तुटण्याचे सरासरी १.७ प्रसंग नोंदवले. दुसरा अभ्यास कॅरिबियन समुद्रातील सेंट लुशिया बेटाचा, २००४ सालचा. त्यात ३५३ डायव्हर पाहिले गेले आणि त्यांच्यापैकी ७३.९ टक्क्यांचा प्रवाळांना निदान एकदा तरी स्पर्श झाला. यातले बहुतांश स्पर्श फिनचे होते. कॅमेरा बाळगणारे, किनाऱ्यावरून पाण्यात उतरणारे आणि रात्री बुडी मारणारे डायव्हर इतरांहून अधिक वेळा तळाला लागत होते.

एलातच्या आकड्यांत सरासरीशेजारी छापलेला एक आकडा बहुतेक जण वाचून सोडून देतात. १.७ या सरासरीचे प्रमाण विचलन, म्हणजे नोंदी सरासरीपासून किती विखुरलेल्या आहेत याचे माप, ४.९ आहे, म्हणजे सरासरीच्या जवळजवळ तिप्पट. एकही फांदी न तोडणाऱ्या माणसाची नोंद शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे एवढे मोठे विचलन एकाच रीतीने येऊ शकते: बहुतेक डायव्हरांनी काहीच तोडलेले नसते किंवा एखादीच फांदी तोडलेली असते, आणि थोड्याच जणांनी पुष्कळ तोडलेले असते. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवरच्या अभ्यासांतही हेच चित्र निघाले. बरेचसे नुकसान मूठभर डायव्हरांच्या हातून होते. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा शोध वाटतो. ‘सरासरी डायव्हर तासाला १.७ फांद्या तोडतो’ हे वाक्य गणिताच्या दृष्टीने बरोबर आहे, पण असा डायव्हर पाण्यात जवळजवळ कुठेच भेटत नाही. पंचवीस-तीस डायव्हरांचे निरीक्षण करून काढलेली सरासरी तर जवळपास निरुपयोगी ठरते, कारण त्या पंचवीस जणांत तो एक तोडणारा आला की नाही, यावर पूर्ण निकाल अवलंबून राहतो.

सरासरीला वर्षभरातल्या बुड्यांच्या संख्येने गुणण्याचा मोहही इथेच आवरायला हवा. एलातमधल्या काही जागांवर वर्षाला ३०,००० हून अधिक बुड्या होत असत. १.७ गुणिले ३०,००० म्हणजे ५१,००० तुटलेल्या फांद्या, आणि हा आकडा कोणत्याही मथळ्यात शोभेल. पण तुटायला फांद्या शिल्लक असाव्या लागतात. जिथे नाजूक प्रवाळ आधीच मोडून गेले आहेत, तिथे डायव्हर तितक्याच निष्काळजीपणे पोहले तरी तुटण्याची नोंद कमी होते, कारण तळाशी आता फक्त भरीव, न मोडणारे प्रवाळ आणि उघडा खडक उरलेला असतो. म्हणजेच तुटण्याचा दर घटला, तर डायव्हर सुधारले असेही असेल किंवा भित्ती ढासळली असेही असेल. केवळ स्पर्श मोजणाऱ्या पाहणीला या दोहोंतला फरक सांगता येत नाही, आणि म्हणूनच तिच्या जोडीला तळाची मोजणी लागते.

तळ मोजायच्या पद्धती अनेक आहेत आणि त्या सगळ्यांची ओळख करून देण्याची ही जागा नव्हे. बहुतेक ठिकाणी तळावर मोजपट्टी अंथरतात आणि ठरावीक अंतरावर पट्टीखाली काय आहे ते लिहितात: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, शैवाल, खडक, चुरा की वाळू. १९९६ साली सुरू झालेल्या ‘रीफ चेक’ या स्वयंसेवकांच्या कार्यक्रमात २० मीटरचे चार तुकडे घेतात आणि दर अर्ध्या मीटरला एक बिंदू नोंदवतात, म्हणजे एकूण १६० बिंदू. याशिवाय चौकट ठेवून वरून छायाचित्र काढतात आणि संगणकावर त्या छायाचित्रावर यादृच्छिक बिंदू टाकून प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते ओळखतात. अलीकडे शेकडो छायाचित्रे जोडून तळाची त्रिमितीय प्रतिकृतीही बनवली जाते, आणि पूर्वी जे खडबडीतपण साखळी अंथरून मोजावे लागे ते आता त्या प्रतिकृतीवरून काढता येते.

या मोजणीची ताकद किती, याचा हिशेब मात्र प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावा. समजा १६० बिंदूंपैकी ४८ बिंदू जिवंत प्रवाळावर पडले, म्हणजे आच्छादन ३० टक्के निघाले. हे बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तरी निव्वळ योगायोगाने येणारी प्रमाण त्रुटी सुमारे ३.६ टक्के भरते. दोन्ही बाजूंना तिच्या साधारण दुप्पट फरक धरावा लागतो, म्हणजे खरे आच्छादन साधारण २३ पासून ३७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. पुढच्या वर्षी तीच मोजणी २७ टक्के आली, तर प्रवाळ घटले असे म्हणण्यास काहीच आधार नसतो. डायव्हिंगचा परिणाम जर वर्षाला टक्का-दोन टक्के एवढाच असेल, तर अशा एका पट्टीला तो कित्येक वर्षे दिसणारच नाही, आणि दिसला नाही म्हणजे परिणाम नाही, असे अहवालात लिहिले जाईल. हा धोका मला आकडे फुगवण्याच्या धोक्याइतकाच गंभीर वाटतो.

यावर उपाय म्हणजे दर वेळी नव्या जागी पट्टी टाकण्याऐवजी खडकात खुणेच्या खुंट्या ठोकून त्याच रेषेवर परत जाणे, किंवा ठरावीक वसाहतींना क्रमांक देऊन त्यांचीच छायाचित्रे पुन्हा पुन्हा काढणे. वसाहतीशी वसाहतीची तुलना केली की जागेजागेतल्या फरकाचा गोंधळ वगळला जातो. माझा स्वतःचा सर्वाधिक विश्वास या क्रमांकित वसाहतींवर आहे, कारण दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे स्पर्शानंतर वसाहतीचे काय होते याचे, उत्तर फक्त त्यांच्याकडूनच मिळते. त्यांच्यासाठी सोसावा लागणारा त्रास मोठा आहे: क्रमांकाच्या पट्ट्यांवर सहा महिन्यांत शैवाल चढते, काही पट्ट्या वादळात जातात, आणि गढूळ पाण्यात अर्धा तास एकच वसाहत शोधण्यात निघून जातो. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पट्टी अंथरणाऱ्या, चौकट टेकवणाऱ्या आणि छायाचित्रासाठी खाली वाकणाऱ्या निरीक्षकाचेही फिन प्रवाळांना लागतात. आम्ही आमच्या गटात निरीक्षकांच्या स्पर्शांचीही नोंद ठेवायला लागलो, आणि कोणाचा तोल कुठे जातो हे कळल्यावर कामाची पद्धतच बदलली. पट्टी गुंडाळणाऱ्याने तिच्यावरून उलट पोहत न येता बाजूने यायचे, हा नियम त्यातूनच निघाला.

तिसऱ्या प्रश्नासाठी तुलना लागते, आणि सगळी अवघड बाब तीच आहे. डायव्हिंग चालणारी जागा आणि न चालणारी जागा यांची तुलना केली, तर फरक दिसतो. पण तो डायव्हिंगमुळेच आहे असे कसे म्हणणार? डायव्हिंगच्या जागा कोणी चिठ्ठ्या टाकून निवडत नाही. त्या सुंदर असतात, वाऱ्यापासून सुरक्षित असतात किंवा बंदराच्या जवळ असतात. बंदराच्या जवळ म्हणजे सांडपाण्याच्या, बांधकामाच्या गाळाच्या आणि नांगरांच्याही जवळ. त्यामुळे चांगल्या अभ्यासात चार बाजू लागतात: डायव्हिंग सुरू होण्याआधीची आणि नंतरची मोजणी, तीही डायव्हिंगच्या जागी आणि तिच्यासारख्याच, पण डायव्हिंग नसलेल्या जागी, आणि शक्यतो प्रत्येक प्रकारच्या एकाहून अधिक जागी. ‘आधीची’ मोजणी तर बहुधा नसतेच, कारण जागा प्रसिद्ध झाल्यावरच तिथे संशोधक पोहोचतात.

अशी तुलना ज्यांना जवळपास जमली, त्यांपैकी बोनेर बेटावरचा अभ्यास मला सर्वांत शिकवणारा वाटतो. कॅरिबियनमधल्या या बेटाभोवतीचे सागरी उद्यान १९७९ साली स्थापन झाले आणि तिथे काही भागांत डायव्हिंगला पूर्ण बंदी होती. ज्युली हॉकिन्स, कॅलम रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ ते १९९४ या काळात डायव्हिंग चालणाऱ्या तीन जागा आणि बंदी असलेल्या, परिस्थितीने सारख्या अशा तीन जागा पाहिल्या; निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. थेट दिसणारे नुकसान, म्हणजे तुटलेले तुकडे आणि घासलेल्या वसाहती, तुलनेने किरकोळच होते. तेवढ्यावर थांबले असते, तर डायव्हिंगचा परिणाम नगण्य असा निकाल देऊन प्रकरण मिटले असते. पण तीन वर्षांच्या मोजणीत भरीव प्रवाळांचे आच्छादन खूप डायव्हिंग होणाऱ्या जागांवर १९.२ टक्क्यांनी घटलेले दिसले, तर बंदीच्या जागांवर ही घट ६.७ टक्के होती. उलट फांदीदार प्रवाळ डायव्हिंगच्या जागांवर ८.२ टक्क्यांनी आणि बंदीच्या जागांवर २.२ टक्क्यांनी वाढले होते.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा आकडे उलटे छापले गेले आहेत असेच वाटले. फांद्या तुटतात, मग फांदीदार प्रवाळ घटायला हवेत आणि भरीव टिकायला हवेत. पण वर सांगितलेला वाढीचा वेग आठवला की चित्र जुळते. फांदीदार प्रवाळ तुटतात, तुकड्यांतून पसरतात आणि झटकन वाढून झीज भरून काढतात. भरीव प्रवाळ तुटत नाहीत, पण त्यांच्या पृष्ठभागावरच्या खरचटलेल्या जागा सावकाश भरतात, आणि त्या उघड्या जागांतून रोगजंतूंना शिरकाव मिळत असावा असा संशोधकांचा अंदाज होता. माझ्या स्लेटवर सर्वांत ठळक दिसणारी रेघ ‘तुटणे’ या रकान्यात होती, आणि ‘घासणे’ हा रकाना मी घाईत अनेकदा रिकामा सोडत असे, कारण घासल्याची खूण जवळ जाऊन पाहिल्याशिवाय दिसत नाही. बोनेरच्या आकड्यांनी मला त्या रिकाम्या रकान्याकडे पाहायला लावले.

रोगाचा दुवा पुढे अधिक स्पष्ट झाला. थायलंडच्या आखातातील को ताओ हे बेट डायव्हिंग शिकणाऱ्यांचे मोठे केंद्र आहे. तिथल्या प्रवाळांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत जास्त वर्दळीच्या जागांवर प्रवाळांच्या रोगांचे प्रमाण कमी वर्दळीच्या जागांच्या सुमारे तिप्पट आढळले, आणि शारीरिक इजा व गाळाने मेलेली ऊती यांचाही त्याच्याशी संबंध दिसला. गाळाविषयी मला विशेष सांगायचे आहे, कारण तो सर्वांत दुर्लक्षित आहे. फिनच्या फटक्याने उडालेली वाळू पाचेक मिनिटांत खाली बसते आणि डायव्हर मागे वळून पाहीपर्यंत पाणी निवळलेले असते. पण ती वाळू प्रवाळावर बसलेली असते. प्रवाळ तिला श्लेष्माने गुंडाळून आणि सूक्ष्म केसांच्या हालचालीने बाजूला सारतो, त्यासाठी शक्ती खर्चतो, आणि तोवर त्याच्यातल्या शैवालाला प्रकाश कमी मिळतो. एलातच्या आकड्यांत गाळ उडण्याचे प्रसंग तुटण्याच्या पाचपटीहून अधिक होते, हे इथे लक्षात घ्यावे. तरीही वसाहतीवर बसलेला गाळ मोजण्याची सोपी आणि विश्वासार्ह रीत नाही. तळाशी ठेवलेल्या नळ्यांत साचलेला गाळ तोलता येतो, परंतु त्यातला किती फिनने उडवला आणि किती लाटांनी, हे नळी सांगत नाही.

या सगळ्यावर आता तापमानाची सावली आहे. २०२३ पासून जगभर पसरलेल्या विरंजनाच्या, म्हणजे उष्णतेने प्रवाळ आपल्यातले शैवाल गमावून पांढरे पडण्याच्या, लाटेत ज्या भित्तींनी आपला बराचसा जिवंत थर गमावला, तिथे डायव्हिंगचा परिणाम शोधणे म्हणजे महापुरात गळक्या नळाचे पाणी मोजण्यासारखे आहे, असे मला अनेक जण ऐकवतात. मला ते पटत नाही. विरंजनानंतर वाचलेल्या वसाहती अशक्त असतात, आणि त्या वेळी झालेली जखम नेहमीपेक्षा सावकाश भरते. त्यामुळे एरवी किरकोळ ठरणारा स्पर्श याच काळात महाग पडू शकतो. मोजणी सोडून न देता, तापमानाची नोंद प्रत्येक पाहणीला जोडून ठेवणे आणि बंदी असलेल्या जागा पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे पाहणे, एवढेच आपल्या हातात उरते.

व्यवस्थापकांना मात्र एकच आकडा हवा असतो: एका जागेवर वर्षाला किती बुड्या चालतील? बोनेरच्याच दुसऱ्या एका, १९९३ सालच्या अभ्यासातून ४,००० ते ६,००० हा आकडा निघाला आणि तो पुढे जगभर उद्धृत होत राहिला. तो त्या बेटाचा, त्या काळातला, तिथल्या उताराच्या भित्तीवरचा आणि तिथे येणाऱ्या डायव्हरांच्या कौशल्याचा आकडा होता. शिकाऊ गट नेणाऱ्या उथळ, फांदीदार प्रवाळांच्या जागेला तोच आकडा लावणे मला चुकीचे वाटते, आणि नुकसान मूठभरांच्या हातून होत असेल तर नुसती बुड्यांची संख्या हे माप मुळातच अपुरे आहे. एकही तोडणारा नसलेल्या हजार बुड्या आणि पाच तोडणारे असलेल्या शंभर बुड्या यांत भित्तीला हजारच परवडतील.

त्यामुळे अलीकडे मला प्रयोगांचे महत्त्व जास्त वाटते. इजिप्तमधल्या रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानात १९९० च्या दशकात डायव्हरांना ४५ मिनिटांची सचित्र माहिती आणि पाण्यात प्रात्यक्षिक दिले, तेव्हा सात मिनिटांमागे होणारे स्पर्श १.४ वरून ०.४ वर आले. सेंट लुशियात मात्र बुडीपूर्वीच्या नेहमीच्या सूचनांत प्रवाळांना स्पर्श करू नका असे एक वाक्य घातल्याने काहीच फरक पडला नाही. वाटाड्याने पाण्यात स्वतः मध्ये पडून चुकणाऱ्याला सावरले, तेव्हा किनाऱ्यावरून होणाऱ्या बुड्यांत मिनिटाला ०.३ असणारे स्पर्श ०.१ पर्यंत खाली आले. इथे तुलना संशोधकाने स्वतः घडवलेली आहे, निसर्गाने दिलेल्या जागांची नाही, म्हणून कारण आणि परिणाम यांचा धागा अधिक पक्का आहे. अर्थात हेही उत्तर पहिल्याच प्रश्नाचे आहे. स्पर्श कमी झाल्याने भित्ती सुधारली का, हे पाहायला पुन्हा खुंट्या, क्रमांक आणि वर्षे लागतात.

त्या पहिल्या वर्षीच्या फांदीदार प्रवाळाला आम्ही त्याच आठवड्यात क्रमांक दिला होता. चार महिन्यांनी मी तिथे परतले तेव्हा पांढरी चकती दिसत नव्हती. तुटलेल्या टोकावर ऊती चढली होती आणि कडेला नव्या पोलिपांचे फिकट ठिपके उगवले होते. वाळूवर पडलेला तुकडा हिरव्या लवेने पूर्ण झाकून मेलेला होता. आणि त्या फांदीच्या शेजारी, त्या दिवशी ज्याच्याकडे माझे लक्षही गेले नव्हते अशा एका घुमटाकार प्रवाळावर, फिनच्या कडेएवढी लांब एक राखाडी चीर होती, तिच्यात शैवाल धरलेले होते आणि तिची कड अजून भरून आलेली नव्हती. ती चीर त्याच डायव्हरची होती की दुसऱ्या कोणाची, हे माझ्या स्लेटवर कुठेच नव्हते. मी त्या प्रवाळालाही क्रमांक दिला, पट्टी धरून चिरेची लांबी मोजली आणि ‘घासणे’ या रकान्यात तारीख घातली.